दोर, टेंट आणि चार महिने पावसाचे: घरच्या कपाटाच्या नोंदी

आमचा गडकिल्ले फिरणाऱ्या नऊ जणांचा गट आहे. गटाचं सामान 2012 पासून माझ्याकडे असतं, कारण तेव्हा माझ्या घरात एक खोली मोकळी होती. आता त्या खोलीत मुलगी अभ्यास करते, आणि सामान माळ्यावर, दिवाणात, ड्राय बाल्कनीत असं जागा मिळेल तिथे गेलं आहे. घर पुण्यात, सिंहगड रस्त्याला, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. तीन टेंट, सहा स्लीपिंग बॅगा, मॅट, दोर, हार्नेस (दोराला अडकवायचा कंबरपट्टा), हेल्मेट, स्टोव्ह, भांडी. या सगळ्याला पावसाळ्याआधी एक धड जागा करायची ठरवली. त्याच्या या नोंदी, गटातल्या सगळ्यांसाठी आणि ज्यांच्या घरी असंच सामान पडून आहे त्यांच्यासाठी.

3 मे 2025, शनिवार

सुरुवात ज्याने झाली ते आधी लिहितो. चार माणसांचा मोठा टेंट माळ्यावरून काढला. डिसेंबरात रतनगडावरून आल्यावर तो वर टाकला होता. पिशवीची नाडी सोडली तेव्हाच आंबूस वास आला. फ्लाय, म्हणजे टेंटवरचं पाऊस अडवणारं कापड, उलगडायला गेलो तर घड्या सुटेनात. ओढल्यावर चर्र आवाज करत कापड कापडापासून वेगळं झालं, आणि आतल्या बाजूला बोट लावलं तर काकवीच्या डब्याच्या झाकणासारखं चिकट. काही ठिकाणी पारदर्शक साल निघून बोटाला आली.

ही बुरशी नाही. कापडाला पाणी लागू नये म्हणून आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, पीयू म्हणतात तो. हवेतली वाफ त्या लेपाच्या लांब साखळ्या हळूहळू तोडते. दमटपणा आणि उष्णता दोन्ही मिळाले की हे काम झपाट्याने होतं. माळा आहे बाथरूमवर, आणि त्याच्यावर थेट स्लॅब. म्हणजे इतकी वर्षं त्या टेंटला मी खालून वाफ आणि वरून ऊन देत होतो. त्यात रतनगडावर सकाळी दंवाने भिजलेला फ्लाय आम्ही तसाच गुंडाळला होता. घरी आल्यावर वाळवू म्हणालो, आणि वाळवला तो तासभर, हॉलच्या पंख्याखाली.

लेप एकदा सुटायला लागला की परत बसत नाही. टेंट गेला. या टेंटमध्ये आम्ही हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या वाऱ्यात रात्र काढली आहे, पहाटे पोल हातांनी धरून बसलो होतो तेव्हाही त्याने पाणी आत घेतलं नव्हतं. वाऱ्यापावसाने तो गेला नाही, माझ्या माळ्यावर गेला. याचं मला मनापासून वाईट वाटलं, आणि म्हणूनच हे काम हातात घेतलं.

4 मे, रविवार

हॉलमधलं टीपॉय, खुर्च्या बाहेर काढून सगळं सामान जमिनीवर मांडलं. मुलगी वही घेऊन बसली. मी नाव सांगायचो, ती लिहायची.

दोन माणसांचे दोन टेंट बरे आहेत. त्यांचा लेप सिलिकॉनचा आहे, तो पीयूसारखा असा चिकट होत नाही. पण एकाच्या पोलवर पांढरे खड्डे आहेत. जानेवारीत कोकणातल्या किनाऱ्यावर मुक्काम केला होता, ते खारं पाणी गोड्या पाण्याने धुतलंच नव्हतं.

स्लीपिंग बॅगा सहा. पाच हॉलोफायबरच्या म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या, एक माझी पिसांची. सगळ्या आपापल्या छोट्या पिशवीत दाबून भरलेल्या, पाच महिने. हॉलोफायबरची ऊब ही धाग्यांच्या कुरळेपणात अडकलेल्या हवेची असते. महिनोन्‌महिने दाबून ठेवलं की धागा सपाट होतो आणि तसाच राहतो. दोन बॅगा हातात घेतल्या तर गोधडीपेक्षा पातळ लागल्या. हिवाळ्यात गडावर त्या घेऊन ज्यांना थंडी वाजली त्यांना आम्ही म्हणायचो, अंगात जास्त कपडे घाल.

दोन हेडटॉर्चमध्ये सेल तसेच राहिले होते. एकाच्या स्प्रिंगवर पांढरी भुकटी. अल्कलाइन सेलमधून जे गळतं ते नावाप्रमाणे क्षार असतं, म्हणून लिंबाच्या रसाचे दोन थेंब कापसावर घेऊन पुसलं. फसफसलं, मग निघालं. टॉर्च लागला. दुसऱ्याची पट्टीच गंजून तुटली.

माझे बूट. 2016 सालचे, गेली तीन वर्षं खोक्यात. पायात घालून हॉलभर चाललो आणि टाचेखाली चुरा पडला. टाचेतला फोमही पीयूचाच, त्यामुळे तीच गोष्ट. वापरातले बूट उलट जास्त टिकतात म्हणतात. खोक्यात बंद ठेवलेले नुसते बसल्या जागी सुटतात.

एका सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात चिक्कीचा कागद आणि त्याभोवती उंदराने कुरतडलेलं भोक. मुलीने वहीत लिहिलं: "सॅक 3, भोक, कारण चिक्की."

8 मे, गुरुवार

आजची नोंद मोठी आहे, आणि गटातल्या प्रत्येकाने वाचावी अशी माझी विनंती आहे.

दोर ड्राय बाल्कनीतल्या रॅकवर असतो. 60 मीटर, साडेदहा मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा, 2021 मध्ये सगळ्यांनी पैसे काढून घेतलेला. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, उंदीर पोचत नाही, म्हणून ती जागा मला चांगली वाटायची. आज दोर उतरवताना लक्षात आलं की त्या रॅकच्या बरोबर खाली इन्व्हर्टरची बॅटरी आहे. दीड वर्षापूर्वी इन्व्हर्टर बसवला तेव्हा माणसाने विचारलं, कुठे ठेवू, आणि मी बोट दाखवलं होतं. वर काय आहे हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

पाण्याची बॅटरी चार्ज होताना बुडबुडे येतात आणि त्यांच्याबरोबर गंधकाम्लाचा अगदी बारीक फवारा बाहेर पडतो. दोर नायलॉनचा. नायलॉनला आम्ल चालत नाही, धागा आतून कमजोर होतो, आणि वरून काहीही दिसत नाही. रंग तोच, मऊपणा तोच.

दोर हॉलमध्ये आणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातातून काढला. दर वीतभर अंतरावर दुमडून पाहिला. दुमड गोल यायला हवी, कुठे चपटी पडली, कुठे आत पोकळ लागलं, कुठे कडक गाठ लागली, तर आतला गाभा बिघडला असं समजायचं. 60 मीटरला पाऊण तास लागला. एक जागा थोडी केसाळ, कड्याच्या धारेवर घासलेली, बाकी काही नाही. दोर नव्यासारखा.

गटात विचारलं. तिघांचं म्हणणं एकच: चार वर्षांचा दोर आहे, फारसा वापरलेला नाही, सहा हजारांच्या घरातली वस्तू नुसत्या शंकेवरून कशी टाकायची? मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही. पैसे सगळ्यांचे आहेत. मग दादांना फोन केला. मला पहिली गाठ त्यांनी शिकवली, वीस वर्षांपूर्वी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रॅक कशाचं आहे?"

"लोखंडी. पत्र्याचं."

"पत्रा बघून ये."

फोन तसाच ठेवून बघायला गेलो. वरच्या दोन फळ्या ठीक. बॅटरीवरच्या फळीची खालची बाजू मात्र बॅटरीच्या आकाराएवढीच, चौकोनी, खवले सुटल्यासारखी खाल्लेली. नखाने खरवडलं तर पापुद्रा पडला. परत येऊन सांगितलं.

"मग आता मला काय विचारतोस," दादा म्हणाले.

दोर बाद. त्याच रॅकवरच्या पिशवीतल्या चारही स्लिंग, म्हणजे शिवलेल्या पट्ट्यांचे फास, बाद. दोन्ही हार्नेस बाद. कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायचे उघडझाप होणारे हुक, अॅल्युमिनियमचे आहेत, ते धुऊन, गेट उघडझाप करून, भिंगाखाली पाहून ठेवले. हेल्मेट दुसऱ्या खोलीत होती, ती वाचली.

10 मे, शनिवार

बाद केलेला दोर अख्खा ठेवायचा नाही. दोन वर्षांनी कोणीतरी घाईत उचलेल, "हा बघ दोर पडलाय" म्हणेल आणि रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, लावेल. म्हणून तीन-तीन मीटरचे तुकडे केले, प्रत्येक टोक मेणबत्तीवर वितळवून बंद केलं. कापताना आतला गाभा पाहिला. पांढराशुभ्र, एकेक धागा सुटा, कुठेही डाग नाही. सुरी थांबली होती माझी त्या वेळी. मग पत्र्याचा पापुद्रा आठवला आणि पुढे कापला.

तुकडे वाटले. आमच्याकडे एक कपडे वाळत घालायला, एक सोसायटीच्या माळीकाकांना. मुलीच्या झोपाळ्याला मात्र एकही नाही, हे मुद्दाम लिहितो. माणसाचा भार येईल अशा कुठल्याही कामाला दिलेले नाहीत.

11 मे, रविवार

जागा ठरवायची. दोन छोटे हायग्रोमीटर आणलेत, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे. आठवडाभर घरात फिरवले. दुपारी चार वाजता माळ्यावर 39 अंश, त्याच वेळी बेडरूमच्या कपाटात 32. दिवाणात हवाच फिरत नाही, शिवाय दिवाण बाहेरच्या भिंतीला लागून, आणि त्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. बेडरूममधलं कपाट दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीला आहे. ती भिंत पावसात भिजत नाही. तेच कपाट.

बायकोने स्वतःहून अर्धं कपाट रिकामं केलं. तिच्या माहेरच्या पैठण्या आता दिवाणात नको, त्या वरच्या कप्प्यात आणि सामान खाली, अशी वाटणी झाली. दमट जागा कापडाला वाईट हे पैठणीलाही तितकंच लागू आहे, हे तिचं म्हणणं.

सुताराला बोलावून खाली लाकडी पट्ट्यांची जाळी करून घेतली, फरशीपासून चार बोटं उंच. मागच्या भिंतीपासून दोन इंच मोकळे. दाराचा खालचा फळकुट काढून तिथे जाळी. वरती आडवी दांडी, स्लीपिंग बॅगा टांगायला.

17 मे, शनिवार

धुण्याचा दिवस. खरं तर हा आठवडा कडक उन्हाचा असायला हवा होता, पण वळीव रोज संध्याकाळी येतो आहे.

टेंट मशीनमध्ये टाकायचे नाहीत. मोठ्या टबात कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ स्पंज. कपड्यांची पावडर नको, तिचा अंश कापडावर राहतो आणि मग पाणी थेंब होऊन ओघळायच्या ऐवजी पसरतं. चेन जुन्या टूथब्रशने साफ केल्या. चेनच्या दातांत इतकी माती होती की टबाच्या तळाशी लाल गाळ बसला. पोल गोड्या पाण्याने धुऊन पुसले. पोल सोडताना नेहमी मधल्या सांध्यापासून सुरुवात करायची, म्हणजे आतली रबरी दोरी दोन्ही बाजूंना सारखी ताणली जाते. आम्ही इतकी वर्षं टोकाकडून सोडत होतो, म्हणून एका पोलची दोरी सैल झाली आहे.

वाळवण्यावरून आईशी बोलणं झालं. ती आठ दिवसांपूर्वीच कुरडया आणि पापड घालून मोकळी झाली आहे. तिचं म्हणणं, गच्चीवर कडक ऊन दाखव, कीड-बुरशी सगळं मरतं. गादीला ते बरोबर आहे. नायलॉनला नाही, ऊन त्याचा धागा कुजवतं. मग तिनेच तोडगा काढला: कुरडयांवर कावळे येऊ नयेत म्हणून जुनी सुती साडी बांधते, तसं वर साडी बांधून खाली टेंट. सावली पण, गरम वारा पण. चार तासांत फ्लायच्या शिवणीसुद्धा कोरड्या.

18 मे, रविवार

वाळलेला टेंट गरम गरमच घडी करायला घेतला तर आईने हात धरला. "थंड होऊ दे आधी. ऊन लागलेलं धान्य तसंच डब्यात भरलं तर डब्याला घाम येतो."

याच्यामागचा हिशोब मी संध्याकाळी कागदावर मांडून पाहिला. 35 अंशाला 35 टक्के आर्द्रतेची हवा म्हणजे आपल्याला कोरडी ठणठणीत वाटते. तीच हवा डब्यात बंद केली आणि डबा रात्री 25 अंशाला आला, तर आतली आर्द्रता 62 टक्क्यांवर जाते. बाहेरून एक थेंबही आत न येता. बुरशीला साधारण 65 ते 70 टक्क्यांच्या वरची हवा पुरते, म्हणजे आपण उंबरठ्यावर जाऊन बसतो. आईला हे आकडे दाखवले. ती म्हणाली, हेच तर सांगत होते.

26 मे, सोमवार

ठरवलं होतं की जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळं वाळवून बंद करायचं. पुण्यात मान्सून 10 जूनच्या आसपास येतो, त्या हिशोबाने. पण 24 तारखेला तो केरळात पोचला आणि आज मुंबई-पुण्यात आला सुद्धा. गेला आठवडाभर पाऊसच आहे. हायग्रोमीटरवर सकाळी 88.

दोन टेंट, तीन स्लीपिंग बॅगा आणि सॅका वाळून झाल्या होत्या. तीन बॅगा धुवायच्या राहिल्या. त्या आता धुवायच्या नाहीत असं ठरवलं. या हवेत पिसांची बॅग आतपर्यंत वाळायला चार-पाच दिवस लागतील आणि तेवढ्यात आत कुबट वास धरेल. मळकी पण कोरडी बॅग ही धुतलेल्या ओलसर बॅगेपेक्षा बरी. आतून बाहेर करून पंख्याखाली दोन दिवस ठेवल्या, घामाचे डाग ओल्या फडक्याने पुसले. धुणं ऑक्टोबरात.

1 जून, रविवार

आईने सहा मोठ्या पिशव्या शिवून दिल्या. गेलेल्या टेंटचा आतला भाग, म्हणजे इनर, त्याला लेप नसतो, तो श्वास घेतो. ते कापड चांगलंच होतं. एका इनरमधून चार पिशव्या निघाल्या, उरलेल्या दोन तिच्या जुन्या सुती साडीच्या. प्रत्येक पिशवी तीन फूट बाय दोन फूट. आत बॅग दाबायची नाही, नुसती सोडायची.

शिवणयंत्रावर ते निळं कापड सरकताना बघत होतो. कोपऱ्यात मुलीने लहानपणी, राजमाचीच्या मुक्कामात, पेनाने काढलेला चंद्र होता. आईने तो भाग बरोबर पिशवीच्या मध्यावर आणला, न सांगता.

बॅगा दांडीला टांगल्या. कपाट भरलेलं दिसतं पण आत सगळी हवाच आहे.

7 जून, शनिवार

डबे. 60 लिटरचे तीन, झाकणाला दारा-खिडक्यांना लावतात ती रबरी पट्टी चिकटवली. पहिल्यात दोन्ही टेंट, गुंडाळून नाही तर सैल कोंबून. दरवेळी एकाच रेषेवर घडी पडली की लेप तिथेच तडकतो. दुसऱ्यात हेल्मेट, कॅरॅबिनर, नवीन हार्नेस आणि स्लिंग आले की त्या. तिसऱ्यात हेडटॉर्च (सेल बाहेर, वेगळ्या डबीत), पॉवर बँक (अर्धी चार्ज, पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवली की तिचं आयुष्य घटतं), फर्स्ट एड, सॅकमधली पाणी प्यायची पिशवी, म्हणजे ब्लॅडर (तोंड उघडं ठेवून, आत कागदाचा बोळा).

प्रत्येक डब्यात अर्धा किलो सिलिका जेल, केशरी दाण्यांचं. ओल पिऊन झाली की दाणे हिरवट काळे पडतात. निळं मिळतं ते घेतलं नाही, त्यात कोबाल्ट असतं. जेल तापवून परत कोरडं करता येतं, 110-120 अंशाला दोन तास. त्यासाठी जुना ट्रे वेगळा ठेवला आहे, तो स्वयंपाकाला वापरायचा नाही असं त्यावर लिहिलं.

डांबराच्या गोळ्या कुठेच टाकल्या नाहीत. तो वास स्लीपिंग बॅगेत बसला की टेंटच्या बंद हवेत रात्रभर नाकात जातो. कडुलिंबाची वाळलेली पानं, फडक्यात बांधून.

गॅसचे तीन कॅन उरलेत. वजन केलं: दोन भरलेले, एक 205 ग्रॅम. रिकामा कॅन 150 च्या आसपास भरतो, म्हणजे यात पन्नासेक ग्रॅम गॅस, एका संध्याकाळचा चहा आणि भात. कॅनवर तारीख आणि वजन लिहिलं. ते कपाटात नाही आणि गाडीच्या डिकीतही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून बंद जागा नको. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बाल्कनीत, सावलीत, जाळीच्या टोपलीत. इन्व्हर्टर त्या बाजूला नाही, हे दोनदा पाहिलं.

22 जून, रविवार

नवीन दोर आला. सगळ्यांनी पुन्हा पैसे काढले, कोणी कुरकुर केली नाही. ज्या तिघांनी आधी विरोध केला होता त्यातल्या एकाने स्वतःहून दोघांचे भरले. आईने दोरासाठी सुती पिशवी शिवली. दोर पिशवीत, पिशवी दुसऱ्या डब्यात. दोरावर मार्करने काही लिहायचं नाही, शाईतलं द्रव्य धाग्याला काय करेल सांगता येत नाही. टोकाला टेप, टेपवर तारीख.

6 जुलै, रविवार

आषाढी. बाहेर 91 टक्के. कपाट 74. पहिला डबा 41, तिसरा 44. दुसरा 58.

12 जुलै, शनिवार

सकाळी सकाळी सगळ्यांचे फोन. काल रात्री आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. राजगड, साल्हेर, लोहगड ही नावं बातम्यांत ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. डिसेंबरात साल्हेरला जायचं सगळ्यांनी फोनवरच पक्कं केलं. 1567 मीटर, थंडी असणार. धुवायच्या राहिलेल्या तीन बॅगा वहीत लाल शाईने लिहिल्या.

दुसरा डबा 64. वाढतो आहे. जेल बदललं.

3 ऑगस्ट, रविवार

दुसरा डबा 71. जेल पुन्हा काळंहिरवं. झाकणाची पट्टी तपासली, ठीक. मग डबाच रिकामा केला आणि एकेक वस्तू हाताने पाहिली. दोराची पिशवी गार लागली.

चूक माझीच, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. डब्यातल्या हवेत ओल फार नसतेच. 60 लिटर हवा अगदी ओथंबलेली असली तरी त्यात दीड ग्रॅमपेक्षा कमी पाणी. पाणी असतं ते वस्तूत. नायलॉन साध्या दमट हवेत आपल्या वजनाच्या चार टक्क्यांपर्यंत पाणी धरतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. सुती कापड तर आठ टक्के आणि पुढे. दोर चार किलोच्या वर. जूनच्या पावसात कुरियरने आलेला, बाहेरून कोरडा, पण आत दोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी घेऊन आलेला. वर सुती पिशवी, तीही पावसात शिवलेली. अर्धा किलो जेल पाव ते तिसरा हिस्सा पाणी पितं, म्हणजे फार तर दीडशे ग्रॅम. ते बिचारं दोनदा भरलं आणि तरी हरलं.

टेंट मेच्या वाऱ्यात वाळून आत गेले म्हणून पहिला डबा आजही 43 वर आहे. डबा वस्तू कोरडी करत नाही, कोरडी असेल तर तशी ठेवतो. हे मला जूनमध्ये कळायला हवं होतं.

दोर बाहेर काढून सैल वेटोळं करून कपाटातल्या दांडीला टांगला, बॅगांच्या शेजारी. तिथे 74-75 असतं, पण हवा फिरते, आणि नायलॉनच्या दोराला तेवढी ओल बाधत नाही. त्याला डब्याची गरजच नव्हती. कॅरॅबिनरना मात्र आहे. ते पुसून, नवं जेल घालून परत बंद.

7 सप्टेंबर, रविवार

दुसरा डबा 45. बाकी काही नाही.

1 ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आईने दरवर्षीप्रमाणे पाटावर विळी, कात्री, शिवणयंत्राचा बॉबिन, माझा पाना-पक्कड मांडला. मी दोर, दोन कॅरॅबिनर आणि हेल्मेट आणून ठेवलं. हळदकुंकू लावायला तिने हात पुढे केला तेव्हा मला सांगावं लागलं, दोराला नको. कुंकवात काय काय असतं सांगता येत नाही, धाग्याला ते नको. ती क्षणभर थांबली. मग टोकाच्या टेपवर, जिथे तारीख लिहिली आहे तिथे, करंगळीने एक ठिपका दिला आणि दोरावर झेंडूचं एक फूल ठेवलं. संध्याकाळी फूल काढलं, पाकळ्या झटकल्या, दोर परत दांडीला.

डबे उघडले. टेंटला वास नाही. फ्लाय हलवला तर कोरड्या कागदासारखा सळसळला. शिवणीवर बोट फिरवलं, कुठे चिकटलं नाही.

12 ऑक्टोबर, रविवार

राजमाचीहून आत्ता परत आलो. पहाटे दंव इतकं होतं की फ्लायवरून पाणी ओघळत होतं, आठ वाजता निघायचं म्हणून ओलाच गुंडाळला. रात्रीचे साडेदहा झालेत. टेंट हॉलमध्ये दोन खुर्च्या आणि दाराच्या कडीला बांधून पसरला आहे, त्याच जुन्या दोराच्या तुकड्यावर. खालून पंखा. उद्या रात्री उलटा करायचा. मुलीने वहीत लिहिलं: "टेंट 1, ओला आला, 12 ऑक्टोबर." पुढचा रकाना, "डब्यात गेला", अजून रिकामा आहे.